काचेंतला समुद्र आणि तारामासा

घरांत काचेच्या पात्रांत खारें पाणी भरून त्यांत समुद्राचे जीव पाळावयाचे, ही हौस आज जगभर पसरलेली असली तरी तिचें वय पावणेदोनशे वर्षांच्या आसपासच आहे. तिचा इतिहास लिहिणारांनीं तो बहुधा काचेच्या बाजूनें लिहिला आहे. टांक्या कशा सुधारत गेल्या, कोणते पंप निघाले, कोणत्या राजधानींत केवढें मत्स्यालय उभें राहिलें, याचीच ती हकीकत असते. प्रस्तुत लेखांत आम्हीं तोच इतिहास पाण्याच्या बाजूनें, आणि त्यांतही एकाच प्राण्याच्या बाजूनें, पाहण्याचें योजिलें आहे. हा प्राणी म्हणजे तारामासा होय. पाळणाराच्या लहानसहान चुका कित्येक मासे पुष्कळ दिवस पोटांत घालतात. तारामासा सहसा एकही घालीत नाहीं. समुद्रांतून माणसानें किती जीव बाहेर काढले हें सांगणें सोपें आहे. काढलेले जीव किती काळ जगले, हा प्रश्न विचारला म्हणजे या हौसेचें खरें स्वरूप दिसूं लागतें.

प्रथम या प्राण्याची थोडी ओळख करून घेणें अवश्य आहे. नांवांत मासा असला तरी हा मासा नव्हे. त्याला कणा नाहीं, कल्ले नाहींत, मेंदू नाहीं, आणि ज्याला रक्त म्हणावें असें रक्तही नाहीं. कोंकणच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं ओल्या वाळूंत रुतून बसलेला पांच बाहूंचा हा जीव ज्या वाचकांनीं उचलून पाहिला असेल, त्यांस त्याची पाठ खरखरीत व निर्जीव वाटली असेल. परंतु तोच उलटा करून पाण्यांत धरला कीं प्रत्येक बाहूच्या खालच्या खोबणींतून इवल्या पायांच्या रांगा बाहेर येतात आणि आधार चाचपडूं लागतात. हे पाय म्हणजे पोकळ नळ्या असून त्यांना ताठा येतो तो आंतील पाण्याच्या दाबामुळें. पाठीवर एक सच्छिद्र चकती असते. तिच्यापासून निघालेलें नळ्यांचें जाळें सर्व बाहूंत पसरलेलें असतें, आणि त्यांत खेळणारा द्रव हा जवळजवळ समुद्राचेंच पाणी असतो. श्वासोच्छ्वासही पातळ त्वचेंतून व याच पायांतून चालतो. शरीरांतील क्षारांचें प्रमाण राखण्यासाठीं माशाला कल्ले व मूत्रपिंडें दिलेलीं आहेत. तारामाशाला यांपैकीं कांहींच नाहीं. बाहेरचें पाणी फिकें झालें कीं त्याच्या अंगांतलेंही फिकें होऊं लागतें. यामुळेंच तारामाशाच्या साऱ्या गोतावळ्यांतली, म्हणजे समुद्रकाकडी, सी-अर्चिन वगैरेंतली, एकही जात जगांतल्या कोणत्याही नदींत किंवा गोड्या तळ्यांत सांपडत नाहीं. सारांश, तारामासा आणि समुद्र यांच्यामधली भिंत फार पातळ आहे. जो त्याला घरीं नेऊं पाहतो त्याला समुद्रही घरीं न्यावा लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत या गोष्टीची जाणीव होती, पण ती उलट्या बाजूनें होती. एडवर्ड फोर्ब्स या निसर्गशास्त्रज्ञाचा ब्रिटिश तारामाशांवरील ग्रंथ इ. स. १८४१ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत ‘लुइडिया’ नांवाच्या तारामाशाची एक हकीकत आहे. हा प्राणी पकडला गेला कीं आपले बाहू आपणच तोडून टाकतो. एक नमुना असा हातचा गेल्यावर फोर्ब्सनें दुसऱ्या खेपेस होडींत गोड्या पाण्याची बादली तयार ठेविली. कारण गोडें पाणी तारामाशांना तत्काळ मारतें, आणि तुकडे होण्यापूर्वींच तो मारावा असा त्याचा बेत होता. परंतु जाळें पाण्याबाहेर येतें न येतें तोंच प्राण्याचे तुकडे झाले, आणि फोर्ब्सच्या हातीं केवळ एक बाहू लागला. त्या बाहूच्या टोंकाचा डोळा मिचकावून आपली थट्टा करीत आहे असें त्याला वाटलें! ही हकीकत त्यानें मोठ्या विनोदानें सांगितली आहे. परंतु त्या काळचें शास्त्र कोणत्या दाराशीं उभें होतें हें तींतून चांगलें कळतें. तारामाशाला मारण्यास काय लागतें हें उत्तम माहीत होतें. जगविण्यास काय लागतें, हा प्रश्न अजून फारसा कोणीं विचारलाच नव्हता.

ज्या थोड्यांनीं तो विचारला त्यांच्यापैकीं कांहींची नोंद येथें केली पाहिजे. सिसिली बेटावर मेसिना येथें राहणाऱ्या जान व्हिलप्रो-पॉवर या फ्रेंच विदुषीनें १८३२ च्या सुमारास समुद्री जीवांच्या निरीक्षणासाठीं काचेचीं पात्रें करविलीं. एडिंबरोचे सर जॉन डॅलियेल यांनीं १८२८ मध्यें एक समुद्रफूल, म्हणजे ॲनिमोनी, धरून आणिलें. घरच्या बरणींत तें इतकें तगलें कीं डॅलियेल १८५१ मध्यें वारले तरी तें पुढें ३६ वर्षें, म्हणजे १८८७ पर्यंत, एका हातांतून दुसऱ्या हातांत जात जिवंत राहिलें. या चमत्काराचें रहस्य एवढेंच होतें कीं समुद्राचें ताजें पाणी हमालाकरवीं घरीं येत असे. ॲना थिन या बाईंनीं १८४६ मध्यें टॉर्कीच्या किनाऱ्यावरून कांहीं जिवंत पोवळीं दगडी बरणींतून लंडनला आणिलीं. समुद्र दूर असल्यामुळें पाणी रोज नवें मिळणें शक्य नव्हतें. म्हणून एक लहान मोलकरीण उघड्या खिडकीपाशीं तेंच पाणी अर्धा-पाऊण तास एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतीत बसे. पुढच्या वर्षीं बाईंनीं त्या पाण्यांत समुद्रशैवाल घातलें, आणि मोलकरणीचे श्रम पुष्कळ हलके झाले.

काचेंतल्या समुद्राचा पहिला शोध कोणाचा, असा वाद विद्वान घालीत असतात. आमच्या मतें त्या वादापेक्षां महत्त्वाची गोष्ट ही कीं भरती-ओहोटी व लाटा मिळून जें काम फुकट करतात तें या आरंभीच्या काळांत हमाल आणि मोलकरीण यांच्या हातांनीं होत होतें. त्यांचीं नांवें इतिहासांत राहिलीं नाहींत. पुढील सर्व सुधारणा म्हणजे त्या दोघांचें काम निसर्गाकडून किंवा यंत्राकडून करवून घेण्याचे प्रयत्न होत.

या प्रयत्नांस शास्त्राचा आधार दिला तो रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें. वनस्पती प्राणवायु सोडतात व प्राणी तो घेतात. प्राणी कर्बवायु सोडतात व वनस्पती तो घेतात. तेव्हां दोहोंचें प्रमाण जुळलें तर पाणी न बदलतां दोघेही जगतील, असा त्याचा सिद्धांत. गोड्या पाण्यांत कांहीं मासे, एक पाणवनस्पति आणि सडका पाला खाणाऱ्या गोगलगाई ठेवून त्यानें तो १८५० मध्यें सिद्ध करून दाखविला आणि नंतर खाऱ्या पाण्याकडे वळला. त्याच सुमारास फिलिप हेन्री गॉस हा धार्मिक वृत्तीचा निसर्गोपासक डेव्हनशायरच्या किनाऱ्यावर हेच प्रयोग करीत होता. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयांत १८५३ मध्यें जें पहिलें सार्वजनिक मत्स्यगृह उघडलें त्याला त्यानें समुद्रजीव पुरविले. १८५४ मध्यें त्याचें ‘दि ॲक्वेरियम’ हें पुस्तक निघालें, आणि तो शब्द सर्वांच्या तोंडीं झाला.

समुद्रापासून दूर राहणाऱ्यांसाठीं गॉसनें कृत्रिम समुद्रजलाची कृतिही दिली. साधें मीठ साडेतीन औंस, एप्सम सॉल्ट पाव औंस, मॅग्नेशियमचा क्लोराइड २०० ग्रेन, पोटॅशियमचा क्लोराइड ४० ग्रेन, आणि पाणी चार क्वार्टांहून किंचित् कमी, म्हणजे सुमारें साडेचार लिटर. एखाद्या पाककृतीसारखी ही यादी वाचून कोणालाही समुद्र आतां स्वयंपाकघरांत होऊं शकेल असें वाटावें. मात्र या कृतींत चुन्याचा अंश वेगळा घातलेला नाहीं. तो वेगळा न घातला तरी चालेल, असें गॉसनें धरलें होतें. लंडनचें पाणी जड असल्यानें तेथें हें गृहीत कदाचित् चालून जाई. परंतु तारामाशाच्या कातडीखालचा सारा सांगाडा चुन्याच्या बारीक तुकड्यांचा असतो. हलक्या पाण्याच्या गांवीं हीच कृति करणाऱ्या मनुष्याचा समुद्र जिभेला खारट लागला तरी तारामाशाच्या दृष्टीनें तो अपुराच असणार.

तरीही हौस वणव्यासारखी पसरली. काचेवरील कर १८४५ मध्यें उठल्यामुळें काच स्वस्त झाली होती. रेल्वेमुळें मध्यमवर्गीय कुटुंबें उन्हाळ्यांत समुद्रकांठीं जाऊं लागलीं होतीं, आणि तेथून बरण्याही त्याच गाडीनें घरीं येत. चार्ल्स किंग्सलेसारख्या लोकप्रिय लेखकानें १८५५ मध्यें किनाऱ्यावरील चमत्कारांवर पुस्तक लिहून या छंदाला नीतीचें व धर्माचें पाठबळ दिलें. विल्यम ॲल्फर्ड लॉइड यानें लंडनमध्यें समुद्रजीवांचें दुकानच थाटलें. दिवाणखान्यांत पियानोशेजारीं काचेची टांकी असणें हें सुसंस्कृत घराचें लक्षण झालें.

या टांक्यांत तारामाशांचें काय होत असे? इंग्लंडच्या किनाऱ्यावर मुबलक सांपडणारा मोठा नारिंगी तारामासा हा शिंपल्यांचा वैरी आहे. शिनाण्यांच्या दोन्ही शिंपा आपल्या पायांनीं किंचित् फांकवून तो आपलें पोटच तोंडावाटे बाहेर काढून आंत सोडतो आणि प्राणी जागच्या जागीं पचवितो. अशा पाहुण्याला लहान टांकींत ठेवावें तर तो शेजाऱ्यांना खातो. त्याला वेगळें शिनाणें घालावें तर उरलेलें मांस सडून पाणी नासतें. आणि कांहींच घालूं नये तर तो उपाशी मरतो. शिवाय मेलेला तारामासा दगडाखालीं पडून राहिला म्हणजे त्याच्या सडण्यानें टांकींतले सगळेच जीव दगावत. तारामासा मरतो तो एकटा मरत नाहीं, हा धडा त्या काळच्या पुष्कळ घरांस मिळाला असला पाहिजे.

असें कां व्हावें, हें वॉरिंग्टनच्या सिद्धांतानें कळण्यासारखें नव्हतें. त्यानें जुळविलेला हिशेब श्वासाचा होता. मळाचा हिशेब त्यांत आलाच नव्हता. प्राण्यांच्या मळापासून व सडण्यापासून अमोनिया होतो आणि तो विषारी असतो. समुद्रांत आणि जमिनींत कांहीं सूक्ष्म जंतु त्या अमोनियाचें नायट्राइटमध्यें, आणि दुसरे कांहीं जंतु नायट्राइटचें पुष्कळ निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्यें रूपांतर करीत असतात. या जंतूंना विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० मध्यें वेगळें करून दाखविलें. म्हणजे टांकीची लाट ओसरून गेल्यावर सुमारें एका पिढीनें! दरम्यान ज्या थोड्या टांक्या तगल्या त्या पाळणाराच्या ज्ञानानें तगल्या नसून, किनाऱ्यावरून आणिलेल्या दगडांबरोबर हे अदृश्य मजूर नकळत घरीं आले होते म्हणून तगल्या. डॅलियेलच्या हमालाची आणि थिनबाईंच्या मोलकरणीची जागा घेणारे खरे वारस हेच.

परंतु टांकी ओस पडली म्हणून हौस थांबत नसे. मेलेला तारा फेंकून द्यावा व पुढच्या सुटींत दुसरा आणावा, हा क्रम असे. आणि तो पुरविणारा किनारा अक्षय आहे अशी सर्वांची समजूत होती. ती किती खोटी होती याची साक्ष गॉसच्या मुलानेंच दिली आहे. एडमंड गॉस याचें ‘फादर अँड सन’ हें आत्मचरित्र १९०७ मध्यें निघालें. बापाबरोबर लहानपणीं ज्या खडकांतल्या डबक्यांत त्यानें रंगीबेरंगी सृष्टि पाहिली होती तीं डबकीं संग्राहकांच्या झुंडींनीं लुटून उजाड केलीं. आणि ज्याला ही सृष्टि ईश्वराच्या हातची म्हणून पूज्य वाटे त्याच माणसाच्या पुस्तकांनीं त्या झुंडींना वाट दाखविली होती, असें त्यानें खेदानें नमूद केलें आहे. वडिलांना स्वतःलाही पुढें हें कळून आलें व त्याचें त्यांना फार दुःख झालें, असेंही तो सांगतो. या छंदाच्या इतिहासांतलें हें सर्वांत कडू पान होय. येथें कोणीही दुष्ट नव्हता. सर्वांना समुद्रावर प्रेम होतें, आणि त्या प्रेमानेंच किनारा ओसाड केला.

किनाऱ्यावरून तारामासे नाहींसे झाले तर बिघडलें काय, असें कोणी विचारील. याचें उत्तर एका निराळ्या किनाऱ्यावर व निराळ्या शतकांत मिळालें. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यांत, प्रशांत महासागराच्या कांठीं, रॉबर्ट पेन या शास्त्रज्ञानें १९६३ पासून खडकाच्या एका पट्ट्यावरील तारामासे नेमानें काढून टाकण्याचा क्रम ठेविला. शेजारचा पट्टा होता तसाच राहूं दिला. तारामासे गेल्यावर त्यांचें भक्ष्य असलेलीं शिनाणीं मोकाट वाढलीं आणि त्यांनीं खडकावरची जागा बळकावून इतरांना हुसकून लाविलें. पूर्वीं त्या पट्ट्यावर प्राण्यांच्या व शैवालांच्या १५ जाती नांदत होत्या. १९६६ मध्यें पेननें निष्कर्ष प्रसिद्ध केले तेव्हां ८ च उरल्या होत्या. कमानीच्या माथ्यावरचा दगड काढला कीं कमान ढांसळते, तसें या प्राण्याचें स्थान आहे, असें पेननें पुढें सुचविलें. बरणींत घालून नेलेला तारा हा एक तारा नसतो, हा त्याचा अर्थ.

आतां पुन्हा मागें वळूं. घरोघरची हौस १८६० नंतर मावळली तरी विद्या मावळली नाहीं. दुकानदार लॉइड हा चिकाटीचा मनुष्य होता. दिसणारी टांकी लहान व तिच्या मागचा अंधारा पाणीसांठा मोठा ठेवावा, आणि दोहोंत पाणी सतत फिरतें राहावें, हें तत्त्व त्यानें हाम्बुर्ग येथें १८६४ मध्यें आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें १८७१ मध्यें मोठ्या प्रमाणावर अमलांत आणिलें. नेपल्स येथें आंतोन डोर्न यानें उभारलेल्या प्रसिद्ध प्राणिशास्त्र-केंद्रालाही त्याचें साह्य झालें. याच काळांत ‘चॅलेंजर’ जहाजानें १८७२ ते १८७६ पर्यंत जगभर फिरून जमविलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचें पृथक्करण विल्यम डिटमार यानें केलें, आणि समुद्र कमीअधिक खारट असला तरी त्यांतील मुख्य क्षारांचें परस्परांशीं प्रमाण सर्वत्र जवळजवळ एकच असतें, हें १८८४ मध्यें सिद्ध केलें. गॉसच्या अपुऱ्या कृतीला भक्कम पाया मिळाला तो येथें.

तारामासाही आतां शोभेच्या टांकींतून शास्त्रज्ञाच्या मेजावर आला. ‘ॲस्टेरिना गिबोसा’ नांवाचा, आंखूड बाहूंचा व लहानशा उशीसारखा दिसणारा एक तारा युरोपच्या किनाऱ्यावर दगडांखालीं असतो. तो दगडावरचा शेवाळी थर व गाळ खातो, आणि आपलीं अंडीं दगडाच्या खालच्या अंगाला चिकटवितो. बहुतेक तारामाशांचीं पिल्लें आठवडेच्या आठवडे मोकळ्या समुद्रांत तरंगत राहतात. याचीं तशीं वाहून जात नाहींत. घरच्या पात्राला याच्यापेक्षां सोयीचा तारा मिळणें कठीण. लुडविग यानें १८८२ मध्यें आणि मॅकब्राइड यानें १८९६ मध्यें त्याच्या वाढीचा अंड्यापासून पुढचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. येथवर आल्यावर तारामासा ‘ठेवणें’ आणि तारामासा ‘वाढविणें’ यांतला फरक प्रथम स्पष्ट होतो.

याच १८८२ सालीं मेसिना येथें एका भाड्याच्या घराच्या दिवाणखान्यांत जें घडलें तें तर वैद्यकाच्या इतिहासांत कायमचें नोंदलें गेलें. इल्या मेच्निकोव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ ओडेसाची नोकरी सोडून कुटुंबासह तेथें येऊन राहिला होता. घरचीं माणसें सर्कस पाहण्यास गेलीं असतां हा एकटाच सूक्ष्मदर्शकांतून तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांतील फिरत्या पेशी पाहत बसला होता. अंगांत शिरलेल्या परक्या वस्तूवर या पेशी चालून जात असतील काय, अशी कल्पना त्याच्या मनांत आली. बागेंतल्या गुलाबाचे कांटे आणून त्यानें ते त्या पिल्लांच्या अंगांत टोंचले. रात्रभर त्याला झोंप आली नाहीं. आणि पहाटे पाहतो तों कांट्यांभोंवतीं पेशींचा गराडा पडलेला! रोगजंतूंना गिळून शरीराचें रक्षण करणाऱ्या पेशींचा सिद्धांत यांतून निघाला व त्याबद्दल १९०८ चें नोबेल पारितोषिक त्याला विभागून मिळालें. येथें लक्षांत ठेवण्याची गोष्ट ही कीं तें पिल्लूं सकाळपर्यंत जिवंत राहिलें म्हणूनच हा शोध लागला. मेलेल्या नमुन्याला कांटा टोंचून कांहींच कळलें नसतें.

विसाव्या शतकांत हौसेची दुसरी भरती आली. इंडोनेशियांतील ली चिन एंग यांनीं १९६१ मध्यें आपली पद्धति प्रसिद्ध केली. समुद्रांतून काढलेले जीवजंतूंनी भरलेले ‘जिवंत’ दगड, हवेचे थोडे बुडबुडे आणि उजेड, एवढ्यावरच ते समुद्रजीव पाळीत. म्हणजे पूर्वीं नकळत येणारे अदृश्य मजूर आतां बोलावून आणले जाऊं लागले. पुढें मिश्र क्षारांचीं तयार पाकिटें बाजारांत आलीं आणि समुद्रापासून शेंकडों कोस दूर असलेल्या माणसालाही दर किलो पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असलेला समुद्र घरीं करतां येऊं लागला.

तथापि तारामाशाची कसोटी येथेंही सुटली नाहीं. प्रवाळांच्या समुद्रांतला निळाभोर ‘लिंकिया’ हा तारा अनेकांना मोह घालतो. पिशवींतून तो सरळ टांकींत सोडला तर क्षारांतल्या थोड्या फरकाचाही त्याला धक्का बसतो. म्हणून जाणते लोक टांकीचें पाणी थेंब-थेंब करून कांहीं तास त्याच्या भांड्यांत सोडतात, आणि मगच त्याला आंत घेतात. माशांच्या रोगावर घालावयाचें तांब्याचें औषध त्याला विषासारखें असतें. हें सर्व संभाळलें तरी पुष्कळ निळे तारे कांहीं महिन्यांतच बाहू गळून मरतात. आणि त्याचें कारण बहुधा उपासमार असतें, असा अनुभवी पाळणाऱ्यांचा कयास आहे. हा तारा दगडांवर साचणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या पातळ थरावर जगतो. तसा थर पुरेसा जमण्यास टांकी मोठी आणि जुनी असावी लागते. पैसे देऊन मोठी टांकी मिळेल. जुनी टांकी मिळण्यास थांबणें हाच उपाय आहे. ज्याच्याजवळ थांबण्याची तयारी नाहीं त्यानें निळा तारा घेतला तर त्यानें तो जगविण्यासाठीं घेतला नाहीं, मरेपर्यंत पाहण्यासाठीं घेतला, असेंच म्हणावें लागेल.

येथवरची हकीकत ही समुद्राकडून घेण्याची हकीकत झाली. गेल्या कांहीं वर्षांत मात्र ऋण फेडण्याचाही प्रसंग आला आहे. २०१३ मध्यें उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तारामाशांवर एक भयंकर सांथ आली. अंगावर पांढरे चट्टे पडावे, बाहू पिळवटून गळून पडावे, आणि थोड्याच दिवसांत प्राण्याचा लगदा व्हावा, असें तिचें रूप. वीसहून अधिक जाती तिच्या तावडींत सांपडल्या. ‘पिक्नोपोडिया’ म्हणजे सूर्यफूल-तारा. याला चोवीसपर्यंत बाहू असतात व तो एक मीटरपर्यंत रुंद वाढतो. याच्या एकंदर संख्येपैकीं नव्वद टक्क्यांहून अधिक नष्ट झाली आणि २०२० मध्यें त्याची गणना अत्यंत संकटग्रस्त जातींत झाली. तो ज्यांना खात असे ते काटेरी सी-अर्चिन मातले आणि समुद्र तापण्याच्या संकटाची त्यांत भर पडून उत्तर कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील केल्प नांवाच्या उंच शैवालाचीं अरण्यें बहुतांशीं उजाड झालीं. पेनच्या लहानशा पट्ट्यावर जें दिसलें होतें त्याच जातीचा अनर्थ आतां शेंकडों मैलांवर दिसला.

यावर जे उपाय चालू झाले त्यांत एक पाळण्याचा आहे. वॉशिंग्टन राज्यांतील फ्रायडे हार्बर येथील विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत २०१९ पासून सूर्यफूल-तारे अंड्यापासून वाढविण्याचें काम सुरू झालें. तरंगत्या पिल्लांना सूक्ष्म शैवाल भरवावयाचें, तळाशीं बसून तारा झालेल्या पिल्लांनीं एकमेकांना खाऊं नये म्हणून त्यांना संभाळावयाचें, पाण्याची थंडी व स्वच्छता राखावयाची, असें हें रात्रंदिवसाचें काम आहे. सांथीचें कारणही टांक्यांतील प्रयोगांनींच उमगलें. आजारी ताऱ्याच्या अंगांतला रस निरोगी ताऱ्यांत घातला तर तो आजारी पडे. तोच रस आधीं तापवून घातला तर पडत नसे. यावरून मार्ग काढीत ‘व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा’ हा जंतु सूर्यफूल-ताऱ्याच्या रोगास कारण असल्याचें शास्त्रज्ञांनीं २०२५ च्या ऑगस्टमध्यें प्रसिद्ध केलें. मेच्निकोव्हनें ज्याच्या पिल्लांत रोगाशीं झुंजणाऱ्या पेशी पाहिल्या त्याच कुळाच्या रक्षणासाठीं ही झुंज चालावी, हा इतिहासांतला एक विलक्षण योग आहे.

मराठींत जनावर ‘पाळणें’ आणि वचन ‘पाळणें’ यांस एकच क्रियापद आहे. या साम्याकडे आमचें सहसा लक्ष जात नाहीं. गॉसच्या काळच्या हौशी माणसानें ताऱ्याला घरीं आणिलें, पण त्याला कोणतेंही वचन दिलें नाहीं. म्हणून तें मोडल्याचें दुःखही बहुतेकांना झालें नाहीं. फ्रायडे हार्बरच्या थंड पाण्यांत हात घालून बसलेल्या माणसांचें ज्ञान हें पुष्कळ अंशीं त्याच काळांत सुरू झालेल्या विद्येचें फळ आहे. तीच काच, तेच क्षार, तेंच फिरतें पाणी. बदल झाला आहे तो पाळणें या शब्दाच्या अर्थांत. तेव्हां ज्या वाचकांस समुद्राचा एखादा तुकडा घरीं असावा असें वाटत असेल त्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे कीं आधीं पाणी तयार करावें, मग तें जुनें होऊं द्यावें, आणि तारामासा सर्वांत शेवटीं आणावा. इतका वेळ काढणें ज्यांना जमणार नाहीं त्यांनीं ओहोटीच्या वेळीं किनाऱ्यावर जावें, दगड हळूच उलटून तारा पाहावा, आणि दगड पूर्वीं होता तसा पुन्हा ठेवून घरीं यावें.